पुरवणीतली बाई

(कशेळे येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मोबाईलवरचे गेम आणि आपल्या मुली' असा विषय छापला आहे. मी काय बोलावं अशी अपेक्षा आहे ते मला ठाऊक आहे. डोळे जातात, अभ्यास बुडतो, पोरं हिंसक होतात, असं मी सांगायचं. पालकसभेत वाटायला एक पत्रक द्यायचं. आणि साडेबाराला आपण जेवायला उठायचं. जेवणाची वेळ मी पाळीन. बाकीचं आज जमणार नाही, कारण आधी मला एक कबुली द्यायची आहे.

मी स्वतः गेम खेळते. पत्त्यांचे किंवा कोड्यांचे नव्हे. तलवारीचे, बंदुकीचे, कड्यावरून उड्या मारण्याचे. शाळेत असल्यापासून खेळते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, या तालुक्यात वाड्या-पाड्यांवर नऊ वर्षं काम केलं, बचत गटांच्या किती बैठका घेतल्या त्याची गणती नाही. पण हे कुठल्याही बैठकीत बोलले नाही. बाईनं गाणं म्हणावं, भरतकाम करावं, फार तर गडावर चढावं. छत्तीस वर्षांची कार्यकर्ती रात्री साडेदहाला दार लावून घेते आणि पडद्यावर राक्षस मारत बसते, हे कोणाला सांगणार? आपल्या झोळीत ते बसत नाही.

न सांगण्यानं काय झालं ते ऐका.

दोन वर्षांपूर्वी इथून आत, एका वाडीवरच्या आईनं मला निरोप पाठवला. वाडीचं आणि मुलीचं नाव सांगत नाही. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. घरात चांगला फोन एकच, तो थोरल्या भावाचा. भाऊ दिवसभर बांधकामावर जायचा आणि रात्री दमून झोपायचा. तो झोपला की ही फोन घेऊन पडवीत बसायची आणि 'फ्री फायर मॅक्स' खेळायची. (मूळचा 'फ्री फायर' सरकारनं २०२२ च्या फेब्रुवारीत बंद केला. 'मॅक्स' हा त्याचाच सुधारून वाढवलेला अवतार. तो चालूच राहिला. पोरं एका दिवसात इकडून तिकडे गेली.) खेळायची ती भावाच्या नावानं. या खेळात चौघांचा संघ असतो, एकमेकांशी बोलता येतं. ही कधी बोलायची नाही. मुलीचा आवाज कानावर पडला की पलीकडून काय काय ऐकायला मिळतं, ते तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणून मुकी राहून खेळायची, आणि फार चांगली खेळायची. भावाचे मित्र भावाला म्हणू लागले, 'काल रात्री काय खेळलास रे!' भाऊ आधी चक्रावला, मग त्यानं पाळत ठेवली.

मी पोचले तेव्हा ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. मुद्दा गेमचा नव्हताच. रात्री, फोनवर, अनोळखी पोरांबरोबर, एवढंच सगळे फिरवून फिरवून बोलत होते. कुणीतरी फोन माझ्या हातात दिला. 'ताई, बघा तुम्हीच काय आहे त्यात.' मी तो आडवा धरला आणि माझे दोन्ही अंगठे जिथे जायचे तिथे आपोआप गेले. ती पोरगी समोर मान खाली घालून उभी होती. तिनं मान वर केली, माझ्या अंगठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. तिला कळलं हे मलाही कळलं.

आणि मी काय बोलले? 'परीक्षा होईपर्यंत फोन हिच्या हातात देऊ नका.' सगळ्यांना बरं वाटलं. चहा झाला. त्या रात्रीपासून भाऊ त्याच खात्यावर खेळतो आहे, तिनं चढून ठेवलेल्या पायऱ्यांवर उभा राहून.

दहावीनंतर तिला कर्जतला कॉलेजात घालायचा विषय निघाला तेव्हा घरच्यांनी ती पडवी पुढे केली. एसटीनं एकटी जाणार, मग फोन लागणार, मग पुन्हा तेच. मी भांडले. तर माझंच वाक्य माझ्या अंगावर आलं : 'ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना?'

त्या ओट्यावर मला जे माहीत होतं आणि मी बोलले नाही, ते आज बोलते. थोडं तपशिलात जाईन. कंटाळा आला तर सांगा.

एक बाजूला काढून ठेवू. पैसे लावून खेळायचे जे गेम आहेत त्यांच्यावर संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. कर्जबाजारी झालेली घरं आपण पाहिली आहेत, त्याबद्दल मला दुमत नाही. मी बोलते आहे ते गोष्ट सांगणाऱ्या मारधाडीच्या खेळांबद्दल. या धंद्यात सध्या जुन्याचं नवं करण्याची लाट आहे. मोठे गेम बघाल तर बरेचसे एकतर जुन्याचा पुढचा भाग, नाहीतर जुनाच गेम नव्यानं घडवलेला, म्हणजे रिमेक, नाहीतर मूळ गेमला नंतर जोडलेली पुरवणी. त्याच गोष्टीचे पुन्हा पैसे मोजायचे, म्हणून मी चिडतेही. पण बाई म्हणून मला रिमेकमध्ये फार रस आहे. एकच प्रसंग त्याच कंपनीनं दोनदा रचलेला असतो, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

'रेसिडेंट ईव्हिल ४' घ्या. कॅपकॉम या जपानी कंपनीचा हा गेम २००५ साली आला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी अ‍ॅशली पळवली गेली आहे आणि लिऑन नावाचा पुरुष तिला सोडवायला जातो. सीतेपासूनची गोष्ट, त्यात नवल नाही. पण जुन्या गेममध्ये तिला 'थांब' आणि 'चल' असे दोन हुकूम देता येत. कचऱ्याच्या मोठ्या पेटीत लपवून ठेवता येई. आणि खालच्या बाजूनं तिच्या स्कर्टकडे बघायची सोय होती. तसं बघितलं की ती 'चावट' अशा अर्थाचं ओरडे. म्हणजे बघा, कुणीतरी बसून ती सोय मुद्दाम केली, तिचा संवाद लिहिला, एका बाईला बोलावून तो आवाज रेकॉर्ड केला. आमच्या पिढीतली पोरं ते एकमेकांना दाखवून हसायची. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. आक्षेप घेतला की उत्तर ठरलेलं : अहो, गंमत आहे ती, तेवढं काढलं तर मजा काय राहिली?

२०२३ च्या मार्चमध्ये त्याच कंपनीनं तोच गेम नव्यानं घडवून आणला. ती सोय काढून टाकली. अ‍ॅशलीचे कपडे बदलले, ती घाबरते पण मदतही करते, भीतीवर मात करत जाते. मजा गेली का? अजिबात नाही. मी तो दोनदा खेळले. लढाई जुन्यापेक्षा चुरशीची आहे आणि अ‍ॅशली बरोबर असली की ओझं वाटत नाही. अठरा वर्षं ज्याला 'खेळाचा भाग' म्हणत होते तो खेळाचा भाग नव्हताच. हे मला रिमेकनं जितकं स्वच्छ दाखवलं तितकं कुठल्या व्याख्यानानं दाखवलं नसतं.

'टूम रेडर'ची तऱ्हा निराळी. लारा क्रॉफ्ट ही १९९६ सालची नायिका. आमच्या घरी संगणक आला तो भावाच्या अभ्यासासाठी, आणि त्यावर 'टूम रेडर ३' आला तो भावाच्या मित्राकडून. मला बघायची परवानगी होती, खेळायची नव्हती. त्या १९९८ च्या भागाची सुरुवात आपल्याच देशात, जंगलात होते. जंगल म्हणजे काय, तर वाघ मारायचे, माकडं मारायची, देवळातून वस्तू उचलायची. पण मला तेव्हा एवढंच दिसत होतं की एक बाई एकटी भिंती चढते आहे आणि तिला कोणी 'कुठे चाललीस' असं विचारत नाही. भाऊ क्लासला गेला की मी खेळायला बसायची. लाराला बाजारानं कसं विकलं ते मला नंतर कळलं. तिला घडवणारा टोबी गार्ड हा तरुण १९९७ साली कंपनी सोडून गेला, कारण जाहिरातवाल्यांनी तिचं जे केलं ते त्याला पटलं नव्हतं.

२०१३ साली लारा पुन्हा पहिल्यापासून घडवली. शरीर माणसाचं झालं. बरं झालं. पण ती येण्याआधी, २०१२ साली, तिचा एक निर्माता मुलाखतीत म्हणाला की खेळणाऱ्याला तिचं रक्षण करावंसं वाटेल. तिच्यावरच्या अतिप्रसंगाचा एक प्रसंग जाहिरातीच्या फितीत घातला होता, त्यावर वाद झाला. बाई खंबीर का, तर तिच्यावर काहीतरी भयंकर गुदरलं म्हणून! पुरुष नायक आपला असाच खंबीर, जन्मतः. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत जुने तिन्ही भाग रंगरंगोटी करून पुन्हा काढले, त्यात सुरुवातीला एक पाटी आहे : या खेळांत काही लोकांचं आणि संस्कृतींचं चित्रण पूर्वग्रहानं केलं आहे, ते चूक होतं, पण झाकण्यापेक्षा आम्ही ते तसंच ठेवलं आहे. एक बटण दाबलं की चित्र जुनं होतं, पुन्हा दाबलं की नवं. झाकायचं, बदलायचं की पाटी लावून ठेवायचं? आपल्या चळवळीनं जाहिरातींना काळं फासलं, १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा आला, आणि तरी हा प्रश्न आपला अजून सुटलेला नाही. माझं मत पाटीच्या बाजूनं आहे. फक्त, काळं फासायला निदान पोस्टरसमोर जाऊन उभं राहावं लागे. गेमच्या समोर आपल्यातलं कोणी उभंच राहिलेलं नाही.

आता पुरवणी. मूळ गेम संपल्यावर वर्ष-सहा महिन्यांनी त्याला जोडून आणखी एक छोटी गोष्ट विकतात. आणि गंमत अशी की मूळ घरात पुरुष नांदतो आणि पुरवणीत बाई येते. 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या २०२३ च्या सप्टेंबरमधल्या पुरवणीत एडा नावाची हेर नायिका होते. मूळ गोष्टीत ती येऊन-जाऊन असते. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये बराचसा खेळ बापमाणसाच्या हातून खेळायचा, पण २०१४ ची पुरवणी त्या मुलीची आणि तिच्या मैत्रिणीची. आपली वर्तमानपत्रं काय करत आली? मुख्य अंकात राजकारण, शेती, क्रिकेट. आणि आठवड्यातून एकदा बायकांना चार पानांची पुरवणी. आपल्या घरांत काय असतं? ओटी पुरुषांची आणि बाईला पडवी. पुरवणीला खर्च कमी, धोका कमी. चालली तर चालली.

पण पडवीतही बाई काय काय करून जाते बघा. 'अनचार्टेड' या मालिकेचा नायक ड्रेक. त्याच्या चौथ्या भागाची पुरवणी म्हणून जे ठरलं होतं ते वाढत वाढत २०१७ साली 'द लॉस्ट लेगसी' हा स्वतंत्र गेम झाला. नायिका दोन : क्लोई, जी आधी ड्रेकची जुनी प्रेयसी म्हणून गोष्टीत आली होती, आणि नदीन, दक्षिण आफ्रिकेची काळी लढवय्यी. क्लोईचे वडील भारतीय. दोघी गणपतीच्या हरवलेल्या दाताच्या शोधात निघतात, आणि कुठे? आपल्या सह्याद्रीत. होयसळांची देवळं, धबधबे, लाल माती, आणि त्यातून जीप हाकणाऱ्या दोन बायका. आधी एकमेकींवर विश्वास नाही, मग हळूहळू बसतो. शेवटपर्यंत त्यांच्यात पुरुषाच्या प्रेमावरून भांडण नाही. मारधाडीच्या खेळात हे मला पहिल्यांदा भेटलं. खेळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी मिनिडोरमध्ये मागे चेंगरून कशेळ्याला येताना मी एकटीच हसत होते.

तक्रारही आहे, आणि ती मी इथली म्हणून आहे. त्या अख्ख्या सह्याद्रीत मोळी घेऊन उतरणारी एक बाई नाही. ठाकूर नाही, कातकरी नाही, पाणी भरणारं कोणी नाही. नुसते पडके राजवाडे आणि बंदूकवाले. आंबिवलीच्या रस्त्यावर पेठच्या किल्ल्याकडे तोंड करून उभ्या राहा. दहा मिनिटांत पाच बायका दिसतील. आणि नदीनला आवाज दिला आहे तो एका गोऱ्या अभिनेत्रीनं, लॉरा बेली हिनं. त्यावर टीका झाली, ती योग्यच होती. याच लॉरा बेलीनं २०२० सालच्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात अ‍ॅबी या दणकट, पीळदार दंडांच्या बाईला आवाज दिला. अ‍ॅबी लोकांच्या लाडक्या नायकाला मारते. तर चिडलेल्या खेळाडूंनी खऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या. पडद्यावरच्या बाईचा राग आवाज देणाऱ्या बाईवर! आपल्या पोरीनं मुकं राहून खेळायचं ठरवलं, ती काही भित्री नव्हती.

पुरवणीनं बाईला दिलेलं परतही घेता येतं, हेही सांगायला हवं. २०१८ चा 'असासिन्स क्रीड ओडिसी' हा युबिसॉफ्टचा गेम. यात प्राचीन ग्रीसमधली कसांड्रा किंवा तिचा भाऊ, कोणीही निवडा. प्रेम कोणावर करायचं, बाईवर की पुरुषावर की कोणावरच नाही, तेही तुमच्या हाती. ऐंशीच्या वर तास मी तिच्याबरोबर काढले. माझी कसांड्रा कोणाच्या घरात बसणारी नव्हती. मग २०१९ च्या जानेवारीत पुरवणीचा भाग आला आणि त्यात, तुम्ही काहीही निवडलेलं असो, तिला एका पुरुषाबरोबर संसार आणि मूल लादलं. वर, मूल झालं की जो किताब मिळे त्याचं नाव काय होतं? 'मोठं होणं'! मी रिमोट खाली ठेवला. इतकी मोहीम करून, इतके सरदार लोळवून ती मोठी झालीच नव्हती म्हणे. मूल झालं तेव्हा झाली. ही भाषा आपण कुठे ऐकलेली नाही? जगभरच्या खेळणाऱ्या बायकांनी आणि समलिंगी खेळाडूंनी आवाज उठवला, कंपनीनं माफी मागितली, किताबाचं नाव बदललं. गोष्ट मात्र तीच राहिली. पुढे २०२० साली याच कंपनीतल्या बायकांच्या छळाच्या तक्रारी उघड झाल्या. त्याच वेळी छापून आलं की निर्मात्यांना कसांड्रा ही एकटीच नायिका हवी होती. वरच्यांनी सांगितलं, बाई विकली जात नाही.

या सगळ्यात आपल्या मुली कुठे? जे यंत्र लागतं त्याची, प्लेस्टेशन ५ ची, किंमत २०२२ नंतर ५४,९९० रुपये होती. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर ३१२ रुपये. १७६ दिवसांची मजुरी झाली. माझं यंत्र त्याआधीच्या पिढीचं, वापरलेलं घेतलेलं. म्हणजे आपल्या वाडीवर गेम पोचतो तो फोनवरूनच, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते (२०१९-२१) की स्वतः वापरता येईल असा फोन देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. उरलेल्या भावाचा, नवऱ्याचा फोन मागून घेतात. अशा घरात आपण कार्यकर्त्या जाऊन 'फोन काढून घ्या' म्हणतो तेव्हा तो कोणाच्या हातातून जातो आणि कोणाच्या हातात राहतो? मी केलं तेच तुमच्यातल्या कितीजणींनी केलं असेल. हात वर करू नका, मला आकडा नको आहे.

मुलींनी रात्रभर खेळावं असं मी म्हणत नाही. झोप हवी, अभ्यास हवा, अनोळखी माणसाला काय सांगू नये हे शिकवायला हवं; पण ते भावालाही शिकवायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की किशोरी मेळाव्यात आपण जशी सिनेमाची, मालिकांची चर्चा घेतो तशी गेमची घ्यावी, आणि ती घ्यायची तर आधी आपण खेळून बघावं. 'यात बाई कुठे आहे, तिला बोलता येतं का, तिचे कपडे कोणासाठी आहेत' हे प्रश्न मुली पटकन पकडतात. त्यांना खेळ आपल्यापेक्षा जास्त कळतो.

पुण्यात काही तरुणांनी 'राजी' नावाचा गेम केला, २०२० साली आला. संस्थापकांत श्रुती घोष ही चित्रकार आहे. पैशासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी तडीस नेलं. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी, भावाला राक्षसांनी पळवलं म्हणून दुर्गेचं त्रिशूळ घेऊन निघते. बहिणीनं भावाला सोडवायचं! लढाई मला जरा ताठर वाटली आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा. पण भिंतींवरची चित्रं आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट बघत राहावीशी वाटते. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ती हिंदीतही बोलते.

माझं यंत्र मी पिशवीत घालून आणलं आहे. संध्याकाळच्या गटचर्चेनंतर वीज राहिली तर सभागृहातल्या टीव्हीला जोडीन, आणि 'राजी' लावीन. त्या मुलीलाही निरोप पाठवला आहे. घरचे सोडतील की नाही माहीत नाही. सोडलं तर पहिली पाळी तिची, आणि मी शेजारी बसून फक्त बघीन. बाकीच्यांनी ओळीनं यावं. मोठ्या बायांनी 'आम्हाला काय जमणार' म्हणू नये, मिक्सरपेक्षा सोपं आहे. शिबिराला आलेल्या पुरुष कार्यकर्त्यांनीही यावं, पण रात्रीची भांडी घासून झाल्यावर.